पेंट गेज : लावायचा कुठे आणि लावतो कुठे

सेकंडहँड गाडी बघायला हल्ली कुणी एकटं जात नाही. घेणारा असतो, त्याचा 'गाडीतलं कळणारा' मित्र असतो, कधी सासरेबुवा असतात आणि गेल्या काही वर्षांत या टोळीत एक यंत्रही सामील झालंय. रिमोटपेक्षा लहान, एका बाजूला गोल टोक, वर छोटा स्क्रीन. टोक पत्र्यावर टेकवायचं, पीप वाजतो, आकडा येतो. १०८. पुढे सरकायचं. ११२. मग एका दरवाजावर एकदम २४० येतात आणि सगळ्यांचे चेहरे बदलतात. "रिपेंट आहे!" गाडीतलं कळणारा मित्र एका सेकंदात सीआयडी होतो आणि मालक आरोपी.

हा पेंट थिकनेस गेज. साधा ऑनलाइन काही हजारांत मिळतो, नामांकित कंपन्यांचे त्याच्या कितीतरी पट महाग. माझ्याकडे साधाच आहे आणि मित्रमंडळींच्या गाड्या बघायला मी तो घेऊन फिरत असतो. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय :) यंत्र उत्तम आहे. पण आपण ते जिथे लावतो तिथे ते अर्धंच बोलतं आणि आपण पूर्ण निकाल देऊन मोकळे होतो. आणि जिथे त्याची खरी गरज आहे, म्हणजे पॉलिश आणि डिटेलिंग करणाऱ्यांच्या हातात, तिथे ते क्वचितच दिसतं.

आधी यंत्र समजून घेऊ, त्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. गाडीचा पत्रा सहसा पोलादी. गेजच्या टोकात एक कॉइल असते, ती चुंबकीय क्षेत्र तयार करते. पोलाद जितकं जवळ, तितका त्या क्षेत्रावर परिणाम जास्त. मध्ये रंग असतो, रंग जाड असेल तर पोलाद तेवढं लांब. या फरकावरून जाडी काढतात. पत्रा ॲल्युमिनियमचा असेल (काही गाड्यांची बॉनेट असतात) तर ही युक्ती चालत नाही, मग तिथे एडी करंट वापरतात. बहुतेक गेज दोन्ही पद्धतींनी मोजतात. प्लास्टिकवर मात्र यातलं काहीच चालत नाही. म्हणजे बंपर, जो आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा रंगवला जातो, त्याबद्दल हे यंत्र चकार शब्द काढत नाही. सुरुवातच अशी आहे बघा.

एकक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कारखान्यात उघडा पत्रा आधी एका टाकीत बुडवून विजेच्या मदतीने गंजरोधक थर चढवतात, तो साधारण २० मायक्रॉन. त्यावर प्रायमर ३०-३५. मग खरा रंग, ज्याला आपण 'पर्ल व्हाइट' वगैरे म्हणतो आणि ज्यासाठी जास्त पैसे देतो, तो जेमतेम १५. आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ४० च्या आसपास. बेरीज करा, ११० च्या आगेमागे. कंपनीप्रमाणे ८० पासून १५० पर्यंत काहीही चालतं. आपल्या झेरॉक्स मशिनमधला साधा कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीचा सगळा रंग मिळून एक झेरॉक्सचा कागद, आणि ऊन-पाऊस झेलणारा वरचा थर अर्ध्या कागदाहून कमी. ही उपमा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गॅरेजमध्ये पुन्हा रंग मारला की जुन्यावर नवे थर बसतात, आकडा २०० ते ३०० होतो. खड्डा पडला असेल आणि तो ठोकून सरळ करण्याऐवजी पुट्टी (आपले जुने पेंटर तिला लांबी म्हणतात) भरली असेल तर ५०० पासून थेट हजार-दोन हजार. इथपर्यंत सगळं सरळ आहे. वाकडं पुढे होतं.

एका मित्राला सात-आठ वर्षांची छोटी गाडी घ्यायची होती. टेंभी नाक्याजवळच्या एका गल्लीत एक गाडी होती, मालक निवृत्त गृहस्थ, काकाच म्हणू. ठाण्याचा हा भाग ज्यांना माहीत आहे त्यांना गाडीची अवस्था सांगायला नको. जुन्या इमारतींना पार्किंग नाही, गाडी रस्त्याच्या कडेला, एका बाजूने रिक्षा, दुसऱ्या बाजूने टेम्पो. त्यात टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव, १९७८ साली आनंद दिघ्यांनी सुरू केलेला, नऊ दिवस सगळं ठाणं तिथे लोटतं, वाहतूक वळवतात. दहीहंडीला तीच गत. या भागात दहा वर्षं उभी राहिलेली आणि एकही ओरखडा नसलेली गाडी मला दाखवा, मी तिच्यापुढे नारळ फोडेन.

गेज लावला. टपावर ९८, १०१, १०४. बॉनेट ११०. उजवी बाजू ११५ च्या आत. डावीकडचे दोन्ही दरवाजे २३६ आणि २५१. मागच्या चाकावरच्या पत्र्यावर तळहाताएवढ्या जागेत ११४०, आजूबाजूला २६०.

काकांनी आम्ही विचारायच्या आधीच सांगितलं. डावी बाजू मंडपाच्या बांबूने घासली गेली, मागे वळताना रिक्षा लागली, दोन्हींची बिलं आहेत, बघा. बिलं होतीही, तारखेसकट. पण मित्राबरोबर आलेल्या दलालाला ११४० हा आकडा मिळाला होता. तो पुढचा अर्धा तास तेवढंच बोलत होता. "साहेब, ॲक्सिडेंटल गाडी आहे, मशिनच सांगतंय." शेवटी चाळीस हजार तुटले. काका वैतागून हो म्हणाले. बिलांकडे कुणी बघितलंही नाही.

आता ११४० चा अर्थ काय? तळहाताएवढा खड्डा, त्यात एक मिलिमीटर पुट्टी. बस. गाडीच्या सांगाड्याला काही झालंय का, हे दरवाजाच्या पत्र्यावर कळतच नाही. ते कळतं दरवाजा उघडल्यावर दिसणाऱ्या पिलरवर, दरवाजाच्या चौकटीच्या आतल्या बाजूला, बॉनेटखाली सस्पेन्शनच्या वर, डिकीतली चटई उचलल्यावर. तिथे कारखान्याचा रंग बाहेरच्यापेक्षा बऱ्याचदा पातळच असतो. तिथे ३०० आले तर मात्र हात जोडून घरी यायचं, कारण रस्त्यावरच्या घासाघाशीत पिलरला रंग मारायची वेळ येत नाही. टपाचंही तसंच. टप कशाला कोण रंगवेल? एक तर गाडी उलटली असेल, नाहीतर त्यावर काहीतरी पडलं असेल. काकांच्या गाडीचे पिलर ८५-९० दाखवत होते. म्हणजे यंत्राने खरं तर गाडीला चांगलंच प्रशस्तिपत्र दिलं होतं. ते वाचायला कुणाला नको होतं.

त्याच आठवड्यात त्याच मित्रासाठी कल्याणच्या बाजूला दुसरी गाडी बघितली होती. सगळीकडे ९५ ते ११५. दलाल खूश, "एकदम कंपनी पेंट, टचअपसुद्धा नाही." सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर शेवटच्या फूटभर पट्ट्यावर मातकट रेघ. सीट ज्या पट्टीवर सरकते तिच्या बोल्टला गंज. डॅशबोर्डखाली हात घातला तर वायरिंगच्या जोडावर वाळलेला गाळ. गाडी पुराच्या पाण्यात बसलेली होती. उल्हास नदीच्या काठाने राहणाऱ्यांना २६ जुलै २००५ सांगायला नको (त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता), आणि २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तेही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. अशा प्रत्येक पावसानंतर काही गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. पाण्याने रंगाची जाडी बदलत नाही. गेजच्या दृष्टीने ती गाडी आदर्श.

आमच्या धंद्यात याला म्हणतात हिरवा डॅशबोर्ड. सगळे दिवे हिरवे, सर्व्हर मात्र झोपलेला. कारण जे मोजायला सोपं होतं तेच मोजलं.

बरं, शहरातल्या गाड्यांचे दरवाजे २०० च्या वर का असतात याचं एक साधं कारण इन्शुरन्स आहे. झिरो डेप्रिसिएशनची पॉलिसी असली की किरकोळ ओरखड्यांसाठी खिशातून फार जात नाही. मग वर्षभर साठलेले ओरखडे रिन्युअलच्या आधी एकदम 'काढून घेतले' जातात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला एवढासा टचअप परवडत नाही, रंग जुळत नाही, म्हणून अख्खं पॅनल रंगवतात. (असा क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो, जो पाच वर्षं सांभाळला तर ५० टक्क्यांपर्यंत जातो. पण हा हिशोब फार कमी लोक करतात.) म्हणजे २४० हा आकडा बऱ्याचदा अपघाताचा नसतो, पॉलिसीचा असतो. आणखी एक गंमत. काही लोक नव्या गाडीवर पारदर्शक फिल्म लावतात, पीपीएफ. ती स्वतःच १५०-२०० मायक्रॉन जाड असते. अशा गाडीवर गेज लावला तर सगळीकडे ३०० च्या आसपास. सीआयडी मित्राला घेरीच येईल.

रिपेंट हा गुन्हा नाही. लपवणं हा गुन्हा आहे. या दोन्हींतला फरक नेमका कसा करावा, यावर अमेरिकेत एक खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता आणि तो आपल्या विषयाशी इतका जुळतो की सांगितल्याशिवाय राहवत नाही. अलाबामा राज्यातल्या डॉ. आयरा गोर यांनी १९९० च्या जानेवारीत नवीकोरी काळी बीएमडब्ल्यू घेतली, साधारण ४०,७५० डॉलरना. नऊ महिने चालवली, काही खटकलं नाही. मग गाडी अजून चकाचक व्हावी म्हणून एका डिटेलिंगवाल्याकडे नेली आणि त्या माणसाने सांगितलं, डॉक्टर, ही गाडी पुन्हा रंगवलेली आहे. जर्मनीहून येताना आम्लाच्या पावसाने रंग खराब झाला असावा, म्हणून कंपनीने अमेरिकेत ६०१ डॉलर खर्चून तो पुन्हा मारला होता. कंपनीचं धोरणच होतं की दुरुस्ती किमतीच्या ३ टक्क्यांच्या आत असेल तर कुणाला सांगायचं नाही, नवी म्हणून विकायची. ज्युरीने ४,००० डॉलर भरपाई दिली, कारण रिपेंट केलेली गाडी दहा टक्के कमी किमतीची असते असा साक्षीपुरावा होता. आणि वर ४० लाख डॉलर दंड! राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो २० लाखांवर आणला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मे १९९६ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी तोही अवाच्या सवा म्हणून रद्द केला, आणि शेवटी प्रकरण ५० हजारांवर थांबलं.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. एका ग्राहकाला २०११ चं मॉडेल म्हणून गाडी दिली, निघाली २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली, खालच्या बाजूला गंज, दरवाजाच्या कडेला ओरखडे. हे प्रकरण 'टाटा मोटर्स विरुद्ध अंतोनियो पाउलो वाझ' या नावाने आपल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०२१ मध्ये कोर्टाने म्हटलं की कंपनीला हे माहीत होतं असं सिद्ध झालेलं नाही, कंपनी सुटली, जबाबदारी डीलरवर राहिली.

दोन्हीकडे भांडण रंगाचं नाही, न सांगण्याचं आहे. आणि आपला बाजार करतो काय? जो सांगतो त्याचे चाळीस हजार कापतो. मग पुढच्या वेळी काका बिलं कशाला दाखवतील? ते गप्प बसतील, किंवा गाडी अशा माणसाला विकतील जो अख्खी गाडी बाहेरून एकसारखी रंगवून घेईल, सगळीकडे २४०, मग फरकच दिसणार नाही. गेज आल्यामुळे बाजार जास्त प्रामाणिक होईल असं वाटलं होतं. आपण तो ज्या पद्धतीने वापरतोय त्याने उलटंच होतंय.

असो. आता त्या जागेकडे येतो जिथे हे यंत्र हवं आणि नसतं.

ज्यांच्या घरी प्रीमियर पद्मिनी होती त्यांना रविवारचं रबिंग आठवत असेल, निदान बाबांनी सांगितलेलं. (डोंबिवलीकरांसाठी हा जिव्हाळ्याचा विषय. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता, नव्वदच्या दशकात तिथे पूजो ३०९ बनत होती. आता त्या मैदानावर सभा होतात.) तेव्हाच्या रंगाला वरचा पारदर्शक थर नव्हता. रंग म्हणजे रंग. त्यामुळे रबिंग कंपाउंड लावून फडका घासला की फडक्यावर निळी गाडी असेल तर निळा, लाल असेल तर लाल डाग उतरायचा. बाबा लोक तो डाग बघून थांबायचे. "बास आता, पत्रा दिसेल." ते फडकं हाच त्यांचा गेज होता.

क्लिअर कोट आला आणि ती सूचना गेली. आता कितीही घासा, फडक्यावर रंग येत नाही, कारण जे उतरतंय ते पारदर्शक आहे. गाडी प्रत्येक वेळी आणखी चमकते, मालक खूश, पॉलिशवाला खूश, आणि दर वेळी अर्ध्या कागदातला थोडा कागद कमी होतो. लोकरीचं पॅड आणि जाड कंपाउंड घेऊन मशिन फिरवलं तर एका फेरीत २ ते ५ मायक्रॉन जाऊ शकतात. बारीक फिनिशिंगला एखाद-दोन. ४० मधून ५ गेले तर काय बिघडलं, असं वाटेल. पण सूर्याच्या अतिनील किरणांपासून वाचवणारी रसायनं याच थरात असतात. तो पातळ झाला की ऊन खालच्या रंगाला खातं आणि मग काही वर्षांनी बॉनेटवर, टपावर ते पांढरट पापुद्रे सुटायला लागतात. जुन्या लाल आणि निळ्या गाड्यांवर तुम्ही पाहिले असतील, त्वचारोगासारखे. त्याला पॉलिशचा इलाज नाही. पुन्हा रंगच मारावा लागतो. आणि मग येतो गेजवाला दलाल, २४० दाखवतो आणि म्हणतो ॲक्सिडेंटल!

हे कुठे होतं? सगळीकडे. सर्व्हिसिंगला गाडी दिली की 'कॉम्प्लिमेंटरी रबिंग-पॉलिश' घेता का विचारतात. फुकट म्हटल्यावर आपण नाही म्हणणारे कोण? सिरॅमिक कोटिंगवाले कोटिंगच्या आधी 'पेंट करेक्शन' करतात, म्हणजे घासून बारीक रेषा काढतात, कारण कोटिंगखाली रेषा राहिल्या तर त्या कायमच्या दिसतात. कोटिंग स्वतः मायक्रॉन-दोन मायक्रॉनचं, ते दोन-तीन वर्षांनी जातं. मग नवीन कोटिंग, त्याआधी पुन्हा करेक्शन. चार हजारांच्या ऑफरपासून पन्नास हजारांच्या पॅकेजपर्यंत सगळीकडे तेच. दर वेळी घेतलेले पैसे दिसतात, घेतलेले मायक्रॉन दिसत नाहीत.

डोंबिवलीत तर हा प्रश्न दुप्पट. २०१४ च्या जानेवारीत तिथे हिरवा पाऊस पडला होता, २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता, ही दोन्ही छायाचित्रं देशभर गाजली. पण रोजचा प्रकार त्याहून साधा आहे. सकाळी गाडीवर हात फिरवला की बारीक वाळूसारखं लागतं. कारखान्याची धूळ, लोखंडाचे कण, रेल्वे जवळ असेल तर ब्रेकची पूड. हे धुऊन जात नाही, म्हणून लोक थेट कंपाउंडिंग करून घेतात. खरं तर त्याला आधी लोखंड विरघळवणारं द्रावण आणि मग क्ले बार, ओल्या पृष्ठभागावर हलक्या हाताने फिरवायची चिकणमातीसारखी वडी, एवढं बहुतेक वेळा पुरतं. क्लिअर कोट जवळजवळ जागच्या जागी राहतो. पण क्लेला वेळ लागतो आणि मशिन चालवताना जो रुबाब दिसतो तो त्यात नाही.

मी गेल्या वर्षभरात ठाणे आणि डोंबिवलीत चार-पाच ठिकाणी सरळ विचारलं, कामाच्या आधी पेंटची जाडी मोजता का? दोन ठिकाणी प्रश्नच कळला नाही. एका ठिकाणी म्हणाले, हाताला अंदाज येतो सर. एकाने कपाटातून चांगला महागाचा गेज काढून दाखवला, वर म्हणाला की हा आम्ही गाडी विकत घ्यायची असली की वापरतो. फक्त एका ठिकाणी मुलाने गाडीच्या बाह्यरेषेचा छापील कागद काढला आणि पॅनलनिहाय आकडे लिहिले. त्याचा दर बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त होता. गर्दी अर्थातच बाकीच्यांकडे होती.

इथे एक प्रामाणिक अडचण आहे आणि ती सांगायलाच हवी, नाहीतर कुणी पेंटिंगवाला हे वाचून मला धरेल. साधा गेज एकूण जाडी मोजतो. त्यातला क्लिअर कोट किती, हे त्याला कळत नाही. ते कळायला अल्ट्रासाऊंडवर चालणारं वेगळं आणि फार महाग यंत्र लागतं. शिवाय साध्या गेजची स्वतःचीच चूक दोन-तीन मायक्रॉनची असते, म्हणजे एका पॉलिशमध्ये जेवढं जातं साधारण तेवढीच. त्यामुळे 'पॉलिशच्या आधी ११०, नंतर १०८' हे वाचन एकदाच घेतलं तर त्याला काडीचा अर्थ नाही. यंत्र मोजायला बसवताना सोबत मिळणारी पट्टी लावून शून्य तपासायचं, गाडी थंड आणि कोरडी हवी, कडांवर आणि वळणांवर मोजायचं नाही, आणि एकाच पॅनलवर ठरलेल्या पाच-सहा जागी मोजून सरासरी काढायची. तेव्हा कुठे दोन-तीन मायक्रॉनच्या फरकावर बोलता येतं.

मग उपयोग काय? उपयोग हा की बॉनेटवर सगळीकडे १०५ आणि मधल्याच पट्ट्यात ८८ असेल तर तिथे आधी कुणीतरी मनसोक्त घासलंय हे कळतं आणि त्या जागी मशिन फिरवायचं नाही हे ठरवता येतं. ८८ हा आकडा एरवी कुठल्याच दलालाला खटकत नाही. कमी आकडा म्हणजे चांगला, असाच सगळ्यांचा समज. माझ्या मते गाडीच्या दृष्टीने दरवाजावरच्या २४० पेक्षा बॉनेटवरचे ८८ जास्त काळजीचे आहेत. २४० वाल्या दरवाजावर चांगल्या गॅरेजने नवा क्लिअर कोट दिलेला असतो, तो अजून दहा वर्षं ऊन सोसेल. ८८ वाल्या बॉनेटची पुंजी संपत आलीय.

म्हणून मित्रांना मी हल्ली एवढंच सांगतो. गाडी घेताना गेज जरूर लावा, पण पिलर, टप आणि दरवाजाच्या चौकटीपासून सुरुवात करा, बाहेरचे दरवाजे शेवटी. मालकाने आपणहून दुरुस्ती सांगितली, बिल दाखवलं आणि पिलर स्वच्छ असतील तर त्या आकड्यावर भाव पाडू नका. दरवाजा रंगवायला किती खर्च येतो ते सगळ्यांना माहीत आहे, तो खर्च तर त्याने केलेलाच आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आणि गाडी घेतल्यावर, डिटेलिंगला देण्याआधी, प्रत्येक पॅनलचे पाच आकडे एका कागदावर लिहून तो आर. सी.च्या झेरॉक्सबरोबर कप्प्यात ठेवा. दुकानदाराला तो कागद दाखवा आणि सांगा की काम झाल्यावर मी पुन्हा मोजणार आहे.

तो कागद बघितल्यावर दोन ठिकाणी मला सांगण्यात आलं की सर, मग तुमच्या गाडीला कंपाउंडिंगची गरजच नाहीये, वॉश आणि वॅक्स पुरे. सातशे रुपये झाले.